कृतज्ञतेचे व्याज

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात झाला. २०२७ साली त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. जन्मशताब्दी साजरी करण्याची आपल्या समाजाची एक ठरीव रीत आहे. एखाद्या रस्त्याला अथवा नाट्यगृहाला नाव द्यावे, तैलचित्राचे अनावरण करावे, गाजलेल्या भूमिकांच्या आठवणी जागविणारा सोहळा भरवावा, वृत्तपत्रांनी पुरवणी काढावी आणि पुढील वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी शताब्दीकडे वळावे. यात गैर असे काही नाही. ‘नटसम्राट’ आणि ‘पिंजरा’ यांचे स्मरण व्हावयासच हवे. परंतु या नटाने आपल्या लोकप्रियतेचे जे एक निराळेच चलन करून दाखविले, त्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. त्याच्या जन्मगावी आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात तो मांडला जाण्यास सबळ कारण आहे, आणि त्या कारणाचा संबंध रंगभूमीपेक्षा शाळेबाहेर राहणाऱ्या मुलांशी अधिक आहे.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. आचार्य अत्रे यांचे १९३६ सालचे ‘लग्नाची बेडी’ हे नाटक त्यासाठी निवडण्यात आले. डॉ. लागू, निळू फुले आणि रंगभूमी-चित्रपटांतील त्यांच्या बरोबरीचे अनेक नामवंत त्यात उभे राहिले. गावोगावी प्रयोग झाले आणि त्यातून आलेला पैसा कोणाच्याही खिशात न जाता एका ठेवीत जमा झाला. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. व्याजातून पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यावयाचे, अशी ही योजना. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी चळवळीतील माणसे तिच्या पाठीशी होती. दाभोलकर तर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, तोवर लागू आणि ते यांनी मिळून महाविद्यालयांच्या सभागृहांपासून खेड्यांतल्या पारांपर्यंत विवेकाचा जो वादसंवाद चालविला, तो अनेक प्राध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल.

नाटक कोणते निवडले, यातही मोठे शहाणपण होते. सामाजिक कार्यासाठी पैसा उभा करावयाचा तर नाटकही सामाजिक आशयाचे, गंभीर चेहऱ्याचे असावे, असे एखाद्याला वाटले असते. या मंडळींनी हुकमी हशा पिकविणारा जुना प्रहसनप्रधान खेळ घेतला. प्रेक्षकाने हसावे, तिकिटाचे पैसे वसूल झाल्याच्या समाधानात घरी जावे, आणि त्याच्या हसण्यातून एखाद्या दूरच्या पाड्यावरील कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटावी! दान मागताना समोरच्याला अपराधी वाटावयास लावणाऱ्या आजच्या अनेक मोहिमांहून ही रीत कितीतरी सुसंस्कृत होती.

निधीच्या नावातच त्याचे तत्त्व आहे. दान, मदत, साहाय्य, अनुदान हे शब्द टाळून ‘कृतज्ञता’ हा शब्द योजण्यात आला. महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्याच्या हाती पगार पडतो, ज्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, ज्याला आजारपणाची रजा मिळते, त्या शिक्षकाने, कारकुनाने किंवा नटाने अशा माणसाचे ऋण मान्य करावयाचे की जो यांपैकी काहीही नसताना समाजाचे एखादे अवघड काम अंगावर घेतो. देणारा येथे वरच्या पायरीवर उभा नाही. तो आपले जुने देणे चुकते करीत आहे. निळू फुले यांना हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते घडले आणि पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले होते. पडद्यावर ज्याला पाहून गावोगावच्या बाया बोटे मोडीत, तो खलनायक पडद्याबाहेर कार्यकर्त्यांच्या पंगतीतला होता.

कलावंतांनी लोककार्यासाठी खेळ लावण्याची परंपरा या भागाला नवी नाही. मराठी नाटकाचा जन्मच सांगलीचा. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले. बालगंधर्व १८८८ साली जन्मले ते आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाण्यात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत त्यांनी आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी होता, आणि त्या एका रात्रीच्या उत्पन्नाची व गायनाची कथा अद्याप सांगितली जाते. परंतु तो पैसा एका तातडीच्या राष्ट्रकार्यासाठी गोळा झाला व त्या कार्यात खर्ची पडला. खुद्द बालगंधर्वांच्या वाट्याला पुढे कर्ज आणि उतारवयातील विपन्नावस्था आली. औदार्य अपार असूनही त्याला संस्थेचा आकार नसेल, तर ते देणाऱ्यालाही वाचवीत नाही आणि घेणाऱ्यालाही फार काळ पुरत नाही. कृतज्ञता निधीने तिकीटविक्रीचे रूपांतर मुद्दलात केले, आणि एका पिढीच्या टाळ्या पुढील पिढीच्या उपयोगी पडतील अशी सोय केली. त्याचे वेगळेपण ते एवढ्यापुरते, पण एवढे म्हणजे थोडे नव्हे.

आता मुलांच्या शिक्षणाचा संबंध येथे कोठे येतो, असे कोणी विचारील. वरवरचा एक संबंध गमतीचा आहे. लागूंच्या गाजलेल्या पडद्यावरील भूमिका पाहू गेल्यास त्यात मास्तर फार. १९७२ च्या ‘पिंजरा’त ते खेड्यातील आदर्श शिक्षक, १९७५ च्या ‘सामना’त साखर कारखानदारीच्या गावात येऊन पडलेले, दारूच्या आहारी गेलेले आणि तरीही एका गायब झालेल्या माणसाची चौकशी न सोडणारे मास्तर, आणि त्यांच्या समोर निळू फुले यांचे हिंदुराव धोंडे पाटील. रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’ या चित्रपटात त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले. गोखले हेही शिक्षकच. फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकविले, आणि ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य होते, तिनेच पुढे १९१९ मध्ये सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय काढले. गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले व पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशाने केला तो २००९ मध्ये, आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. एका शतकाची ही दिरंगाई कोणत्याही नटाला भरून काढता येणार नव्हती.

खरा संबंध याहून खोल आहे. सातारा-सांगलीत शिक्षणाचे नाव निघाले की प्रथम आठवतात ते कर्मवीर भाऊराव पाटील. वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे त्यांचे घर, किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव केलेली पायपीट, १९१९ साली काले येथे झालेली रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९२४ पासून साताऱ्यात चाललेले सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे झालेले नामकरण, हा इतिहास येथील शाळकरी मुलासही पाठ असतो. तथापि या इतिहासाकडे अर्थशास्त्राच्या नजरेने क्वचितच पाहिले जाते. भाऊरावांपाशी मुद्दल नव्हते. लक्ष्मीबाईंचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडले गेले, हे खरे. परंतु दागिने एकदाच मोडता येतात. संस्था चालली ती प्रवाहावर. घरोघरच्या जात्यापाशी बाजूला काढलेली मूठभर धान्याची मुष्टी, मुलांनी शेतात आणि बांधकामावर केलेले श्रम, शिकून नोकरीस लागलेल्यांनी मागे वळून दिलेला वाटा, आणि लक्ष्मीबाईंच्याच नावे सुरू झालेली शिक्षणोत्तेजक पतपेढी, जिच्यातून घेतलेले कर्ज फेडले की ते पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जाई. रोज थोडे येणारे आणि रोज लागणारे. रयतेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत, त्या या प्रवाहाच्या काठी.

भाऊरावांनी पैशाइतकेच आणखी एक साधन वापरले आणि ते म्हणजे माणूस. इमारत नंतर आली. आधी झाड आले, झाडाखाली मुले आली आणि मुलांना गोळा करून आणणारा, त्यांच्याबरोबर जेवणारा, त्यांच्या आजारपणात जागणारा एक कार्यकर्ता-शिक्षक आला. ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ने ज्याच्या निर्वाहाची तजवीज केली तो याच जातीचा माणूस होय. आज जेथे मूल शाळेबाहेर आहे, तेथे उणीव नेमकी याच माणसाची आहे.

कोठे आहे हे मूल? ते सातारा-सांगलीच्या सुबत्तेच्या मध्यभागी आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून, आणि याच दोन जिल्ह्यांतील जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांतूनही, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने. हंगाम संपेपर्यंत ती फेडावयाची. शेंद्रे, रेठरे, यशवंतनगर, साखराळे, वाळवे या कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपते. टोळीचे वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपते. या दोन पंचांगांच्या कात्रीत मुलाचे अर्धे वर्ष सापडते. आईबाप पहाटे फडात जातात. थोरली मुलगी असेल तर ती कोपीपाशी तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. थोरला मुलगा मोळ्या बांधावयास लागतो. गावी परतल्यावर वर्गातील मुले पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर असतात. असे दोन हंगाम गेले की मूल शाळेत परत जात नाही आणि त्यास कोणी विचारीतही नाही.

यासाठी योजनांची वाण आहे असे मुळीच नाही. २००९ च्या कायद्यानुसार अशा मुलाला वयानुरूप वर्गात, वर्षाच्या मध्यावर आणि कागदपत्रांअभावीही प्रवेश मिळावयास हवा. मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. कारखान्यांच्या आवारात साखरशाळांचे प्रयोग होऊन गेले. एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावी जाताना मुलाजवळ असावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याचे व तितकीच रक्कम सरकारने घालण्याचे ठरले. वसतिगृहांची योजना संत भगवानबाबांच्या नावाने आली. कागद भरपूर आहेत. परंतु ज्या सकाळी टोळी नव्या फडावर जाऊन उतरते, त्या सकाळी कोपीवर जाऊन मुले मोजणारा, त्यांची नावे लिहून घेणारा, बापाशी गाडीच्या जुवापाशी बसून बोलणारा, मुलाला हाताला धरून जिल्हा परिषदेच्या शाळेत नेणारा आणि दुसऱ्या दिवशी ते आले नाही तर पुन्हा जाणारा माणूस कोणाच्या पगारपत्रकावर आहे? शाळेतील गुरुजींवर हे काम सोपविले जाते. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे आणि भ्रमणध्वनीवरून भरावयाच्या माहितीचे रकाने सांभाळून ते कधीकधी करतातही. पण सहा महिने रोज उन्हातान्हात फडामागे फिरणे हे वर्ग सोडून करावयाचे काम नव्हे.

म्हणून लागू-फुले यांच्या कल्पनेचे अपुरे राहिलेले काम येथे आहे. तिचा विस्तार करू जाता मात्र व्याजाचे गणित नीट समजून घ्यावयास हवे, कारण सद्भावनेने काढलेले कितीतरी निधी या गणितातच वाळून गेले आहेत. समजा, १९८६ साली कोणी १ लाख रुपयांची ठेव एका गरीब विद्यार्थ्याच्या नावे ठेवली. तेव्हाच्या १० टक्के व्याजाने वर्षाला १० हजार मिळत. त्या काळी एवढ्या रकमेत मुलाचे वसतिगृह, जेवणखाण, पुस्तके सारे भागून चार पैसे उरले असते. आज ७ टक्क्यांनी त्याच ठेवीवर ७ हजार मिळतात. पण मधल्या काळात किंमती दहापटीहून अधिक वाढल्या. म्हणजे आजचे ७ हजार हे त्या वेळच्या ७०० रुपयांहूनही कमी मोलाचे. ठेवपावतीवर आकडा तोच आहे, दात्याचे नाव तेच आहे, बक्षीससमारंभही दरवर्षी होतो. विद्यार्थ्याच्या हाती मात्र आता वह्यांचा एक गठ्ठा पडतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून अशा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ठेवींची लांबलचक यादी दरवर्षी वाचली जाते, आणि ती ऐकताना हसावे की रडावे हे कळेनासे होते.

निधी टिकवावयाचा तर महागाईइतके व्याज मुद्दलात परत घालणे भाग आहे. ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात आणि महागाई ४ टक्के आहे असे धरले, तर खर्चण्याजोगे उरतात अडीच टक्के. फडावर जाणाऱ्या एका कार्यकर्त्यास महिना १५ हजार रुपये मानधन सात महिने द्यावयाचे, तर १ लाख ५ हजार लागतील. त्यासाठी मुद्दल हवे ४२ लाख. सगळेच व्याज खाऊन टाकावयाचे ठरविले तर १६ लाखांत काम होते, पण मग वीस वर्षांनी तो कार्यकर्ता निम्म्याहून कमी मोलाच्या मानधनावर येतो आणि मुकाट्याने दुसरी नोकरी पाहतो. एका नटाच्या, एका नाटकाच्या, एका दौऱ्याच्या बळावर असे किती ४२ लाख उभे राहतील?

येथे मुष्टीची आठवण ठेवावी. एका मोठ्या कारखान्याचे हंगामातील गाळप १० लाख टन धरू. टनामागे केवळ १ रुपया बाजूला काढला तर १० लाख रुपये होतात, आणि त्यात वरच्या हिशेबाने नऊ कार्यकर्ते सात महिने काम करतात. महागाई वाढली तर हा रुपया सव्वा करता येतो. ठेवीला तशी सोय नाही. महामंडळासाठी ठरलेले १० रुपये याहून निराळे; त्यांचा विनियोग त्यांच्या जागी व्हावा. येथे बोलणे चालले आहे ते एका रुपयाचे, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खर्च होणाऱ्या आणि ज्याचा हिशेब कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाला विचारता येईल अशा रुपयाचे. ऊसबिलातील कपातींतून या भागात विद्यालये, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये उभी राहिली आहेत. उत्पादकाच्या मुलाने त्यांचा लाभ घेतला, हे योग्यच झाले. त्याचा ऊस तोडणाऱ्याच्या मुलापर्यंत तो रुपया पोहोचावयाचा आहे. सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि उच्च शिक्षणात खासगी पैशाला दार उघडले. त्या निर्णयाची चर्चा अजून संपलेली नाही. पैसा त्या दारातून आला तो शुल्क भरू शकणाऱ्याच्या मागोमाग आला, हे मात्र आता कोणी नाकारीत नाही. कोपीच्या दारी असा पैसा आपण होऊन येत नाही.

मग नटांनी काय करावे? शेजारच्या कर्नाटकात पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. त्यांच्या धर्मादाय कार्याच्या बातम्यांनी सीमेवरील मराठी-कानडी घरेही हळहळली आणि तमिळ अभिनेते विशाल यांनी १,८०० विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्याची जाहीर ग्वाही दिली. हे थोर मनाचे खरेच. पण मुलाची पुढील वर्षाची फी एखाद्या उमद्या माणसाच्या हृदयाच्या ठोक्यावर अवलंबून राहावी, यात काळजी वाटण्यासारखे पुष्कळ आहे. तमिळनाडूत सूर्या यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘अगरम फाउंडेशन’ची घडी निराळी दिसते. वडील अभिनेते शिवकुमार यांच्या शिष्यवृत्तीच्या कामाचा तिला वारसा आहे. सरकारी शाळांत शिकलेली, घरातील पहिल्या पिढीची मुले निवडावयाची, त्यासाठी स्वयंसेवकांनी प्रत्यक्ष घरी जाऊन परिस्थिती पाहावयाची, महाविद्यालयांकडून जागा मिळवावयाच्या आणि प्रवेशानंतरही मुलाचा हात सोडावयाचा नाही. नटाचे नाव दारावर आहे, काम मात्र त्याच्यावाचून चालते. महाराष्ट्रात नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये ‘नाम’ काढली. आमीर खान यांच्या ‘पानी फाउंडेशन’च्या २०१६ च्या पहिल्याच स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव अव्वल आले. नटाच्या शब्दावर खेडे कुदळ-फावडे घेऊन उन्हात उतरते, हे सातारा जिल्ह्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

नटापाशी पैशाहून मोठे भांडवल असते ते हे. त्याने दहा लाख दिले तर दहा लाखांचे काम होईल. त्याने कारखान्याच्या सभेत उभे राहून टनामागे एक रुपया मागितला, तर दरवर्षी दहा लाखांचे होईल, आणि त्याच्या पश्चातही होत राहील. लागूंनी नाटकाच्या तिकिटातून मुद्दल केले; आजच्या नटाला प्रवाह वळविता आला पाहिजे.

सरकारचे काम नटांवर आणि कारखान्यांवर का टाकावे, हा आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ती मजल देशाने आजवर गाठलेली नाही, आणि दानशूरांच्या कथा जितक्या रंगवून सांगाव्यात तितका या अपयशावर पडदा पडतो, हा धोकाही खोटा नाही. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चणे २०१४ पासून बंधनकारक झाले; तिच्यातून शाळांना संगणक मिळाले, रंगीत भिंती मिळाल्या आणि प्रत्येक भिंतीवर एक फलक मिळाला. शिक्षकांची रिक्त पदे त्याने भरली नाहीत व भरणारही नाहीत. शाळा, शिक्षक, पोषण आहार, वसतिगृह ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि ती मागत राहिलेच पाहिजे. पण कोपीवरचे मूल आणि सरकारी शाळेचे दार यांमधले जे दोन-तीन मैल आहेत, ते सरकारी खात्याने कधीच चालून दाखविलेले नाहीत. भाऊरावांच्या काळी ते कार्यकर्ता चालला. मागणी करणारा आवाजही बहुधा याच माणसाचा असतो. मुले मोजलेली असली तरच त्यांच्यासाठी काही मागता येते.

जन्मशताब्दीच्या निमित्ताने साताऱ्यात आणि सांगलीत काही करावयाचे असेल तर आरंभ लहान असावा. दोन जिल्ह्यांतून दोन कारखाने, एक हंगाम, अठरा कार्यकर्ते. निवड कारखान्याच्या अध्यक्षांनी करू नये. आमदारांनी तर नाहीच. परिसरातील शिक्षकांची, महाविद्यालयीन प्राध्यापकांची व टोळ्यांतील मजुरांच्या प्रतिनिधींची एक समिती असावी. कार्यकर्ता शक्यतो ऊसतोड मजुराच्याच घरातून दहावी-बारावी झालेला असावा, कारण त्याला कोपीत बसावयास सतरंजी लागत नाही. त्यात मुली असाव्यात. थोरल्या बहिणीला तान्ह्यापासून सोडवून शाळेत न्यावयाचे तर आईशी बोलावे लागते. तान्ह्यांसाठी फडाजवळ पाळणाघर नसेल तर शाळेत नेलेली मुलगी आठ दिवसांत परत कोपीवर दिसेल, तेव्हा त्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा, म्हणजे कार्यकर्ते अठराऐवजी बारा झाले तरी चालतील. टोळी आली तेव्हा किती मुले होती, किती शाळेत गेली, किती टिकली आणि परत गावी गेल्यावर किती मुलांचे हमी पत्रक मूळ शाळेने स्वीकारले, हे चार आकडे हंगामअखेरीस कारखान्याच्या काट्यापाशी आणि त्या त्या जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर लिहून लावावेत. चौथा आकडा पहिल्या वर्षी फार लहान निघण्याचा संभव आहे. तो लपवू नये. बीड किंवा जतच्या ज्या शाळेने मूल परत घेतले नाही, तिला पत्र लिहिण्याचे काम जूनमध्ये, टोळ्या गेल्यानंतर, कार्यकर्त्याला करावे लागेल, आणि म्हणून त्याचे मानधन सातऐवजी आठ महिन्यांचे धरणे बरे.